डेल्फ्टच्या निळ्या फुलदाण्या

दिवाणखान्यांत एखादी जुनी, देखणी वस्तु मांडावी, ही हौस सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. समया, पानदानें, तांब्यापितळेचीं भांडीं यांची पारख आपणांस वडिलोपार्जित असते; परंतु परदेशी वस्तूंच्या बाबतींत आपली नजर कच्ची, आणि विकणाऱ्याची जीभ मात्र पक्की! हा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. मुंबईच्या एका जुन्या बाजारांत निळ्या नक्षीची एक डच फुलदाणी पाहून आम्ही मोहित झालों. तळाशीं निळ्या अक्षरांत कांहीं लिहिलेलें होतें, आणि ती दोनशें वर्षांची जुनी असल्याचें विक्रेत्यानें छातीठोकपणें सांगितलें. महिन्याचें निवृत्तिवेतन त्याच्या हातावर ठेवून आम्हीं ती घरीं आणिली. पुढें एका जाणत्या स्नेह्यांनीं ती उलटी करून पाहिली व ते हंसून म्हणाले, "मास्तर, येथें 'डेल्फ्टचें निळें, हातानें रंगविलेलें' एवढेंच लिहिलें आहे. हा प्रवाशांसाठीं केलेला विसाव्या शतकांतला माल!" सूनबाईंनीं हसूं पदराआड लपविलें. आम्ही मात्र ओशाळून डेल्फ्टचा इतिहास धुंडाळूं लागलों. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें देत आहों.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ सालीं स्थापन झाली. आपल्या वेंगुर्ल्यास १६३७ पासून वखार होती ती हिचीच. या सुमारास डचांनीं पोर्तुगीजांचीं जहाजें पकडलीं. त्यांपैकीं १६०३ सालीं पकडलेल्या 'सांता कातारीना' या जहाजावरील चिनी मातीचीं भांडीं आम्स्टरडॅमच्या लिलावांत विकलीं गेलीं, आणि त्या निळ्यापांढऱ्या भांड्यांचें वेड युरोपांतील धनिकांस लागलें. पुढें १६४४ सालीं चीनमधील मिंग घराण्याची सत्ता कोसळली, तिकडे अंदाधुंदी माजली व मालाची आवक रोडावली. ही संधि डेल्फ्ट गांवच्या कुंभारांनीं साधली. तेथील बिअर गाळण्याचे कारखाने त्या काळांत बंद पडत होते. त्यांच्या रिकाम्या इमारतींत कुंभारांनीं भट्ट्या घातल्या. भरभराटीच्या काळांत त्या एका गांवांत तीसांहून अधिक कारखाने होते, व 'तीन घंटा', 'गुलाब', 'चिनी मातीची बाटली' अशीं त्यांचीं मौजेचीं नांवें असत.

आतां कृति पाहूं. खऱ्या चिनी मातीचें रहस्य डचांस ठाऊक नव्हतें. त्यांची माती साधी, भाजल्यावर पिवळसर होणारी. तिच्यावर कथिलाच्या भस्माची पांढरी झिलई चढवून ते तिला चिनी रूप देत. चित्रासाठीं कागदावर आकृतीच्या रेषांवरून सुईनें छिद्रें पाडीत आणि त्यांतून कोळशाची पूड भांड्यावर उतरवीत. आमच्या घरांतील बायका रांगोळीचे कागदी छापे वापरतात, तीच ही युक्ति! मग त्या ठिपक्यांवरून कोबाल्टच्या निळ्या रंगानें चित्र काढीत. कच्ची झिलई रंग तत्काळ शोषून घेई, म्हणून एकदां ओढलेली रेघ पुसण्याची सोय नसे. शेवटीं वर शिशाची पारदर्शक झिलई शिंपडून भांडें पुनः भट्टींत जाई.

अशा कलेचा कळस म्हणजे फुलांचे मनोरे. एकावर एक मजले, आणि प्रत्येक मजल्यावर फुलें खोंवण्यास निमुळतीं तोंडें! इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिला यांची मोठी आवड. तिच्यासाठीं 'ग्रीक अ' नांवाच्या कारखान्याच्या आद्रियानुस कॉक्स यानें केलेले नमुने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यांत आहेत. यांस लोक 'ट्युलिपच्या फुलदाण्या' म्हणतात. परंतु त्यांत नाना प्रकारचीं फुलें एकत्र मांडीत. याशिवाय उंच कपाटांच्या माथ्यावर मांडण्याकरितां पांच-पांच नगांचे संचही होत. त्यांत तीन झांकणांचे व दोन उघड्या तोंडांचे. अशा संचांतील सुटा पडलेला एखादा नग आज संग्राहकांच्या दृष्टीस पडतो.

अठराव्या शतकांत इंग्लंडची स्वस्त व टिकाऊ भांडीं बाजारांत आलीं आणि डेल्फ्टचे कारखाने एकामागून एक बसले. १६५३ सालीं निघालेला 'चिनी मातीची बाटली' हा एकटाच तगला. १८७६ सालीं योस्ट टोफ्ट यांनीं तो विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला, व १९१९ सालीं त्यास 'शाही' ही पदवी मिळाली. या नव्या काळांत त्यानें पांढरी व कठीण माती वापरली. थोडक्या पैशांत संग्रह करूं इच्छिणाऱ्यांनीं या कारखान्याच्या वस्तु, किंवा विसाव्या शतकाच्या आरंभींच्या गाउडा गांवच्या रंगीत, मंद झिलईच्या फुलदाण्या अवश्य पाहाव्या.

पारखीचे नियम थोडके आहेत. प्रथम कांठ पाहावा. जुन्या डेल्फ्टची झिलई कांठाशीं उडालेली असते व तेथें पिवळसर माती दिसते. तेथें शुभ्र माती दिसली, तर वस्तु जुन्या पद्धतीची नव्हे. मग हलकेंच टिचकी मारून आवाज ऐकावा. तडा असल्यास तो बद्द येतो. दुरुस्तीवर चढविलेला रंग अतिनील दिव्याखालीं वेगळा उठून दिसतो. तळाची खूण सर्वांत शेवटीं पाहावी, कारण खुणा नकली असूं शकतात. कॉक्सची 'अ' आणि 'क' ही जोडखूण तर फार नकलली गेली आहे. देशाचें नांव लिहिलेलें असल्यास वस्तु सामान्यतः १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनें आयात मालावर देशाचें नांव सक्तीचें केलें. 'बाटली' कारखान्यानें १८७९ पासून वर्ष दर्शविणारें अक्षरही घातलें आहे.

घरांत ठेवतांना फुलदाणी मानेस धरून उचलूं नये व ती पाण्यांत भिजत घालूं नये. झिलई जेथें उडाली असेल, तेथून माती पाणी शोषते. म्हणून फुलें ठेवावयाचीं असल्यास आंत कांचेचा पेला बसवावा. घर मुलांनीं भरलेलें असेल, तर ती भिंतीशीं खोल फळीवर ठेवावी.

असो. आमच्या फुलदाणीबद्दल आतां राग उरला नाहीं. डेल्फ्टचे कारागीर चीनची नक्कल करूं लागले, आणि करतां करतां त्यांचा स्वतःचा हात घडला. अनुकरण हा दोष नव्हे. आमची फुलदाणीही लबाड नव्हती. तिच्या तळाशीं जें लिहिलें होतें, तें अक्षरशः खरें होतें. खोटें होतें तें विकणाऱ्याचें बोलणें. जन्मभर मुलांस 'आधीं वाचा, मग उत्तर द्या' असें बजावणाऱ्या आम्हीं मात्र ती न वाचतां विकत घेतली. आतां सूनबाई तींत निशिगंध ठेवतात, आणि आलेल्यागेलेल्यांस तिचें खरें वय आम्ही स्वतःच सांगतों.