क्रियावकाश आणि खूण

वापरणाऱ्यास केंद्रस्थानी मानणाऱ्या वस्तुरचनेच्या शास्त्रात दोन संज्ञांची वारंवार गल्लत होते. पैकी पहिली, ‘अफोर्डन्स’, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन याने घडविली व १९७९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. प्राणी आणि त्याचा परिसर यांच्या संबंधातून उपलब्ध होणारी क्रियेची शक्यता, असा तिचा अर्थ. मराठीत तीस ‘क्रियावकाश’ म्हणता येईल. गुडघ्याइतक्या उंचीचा सपाट दगड प्रौढ माणसास बसावयास अवकाश देतो, रांगत्या मुलास देत नाही. हा गुण केवळ दगडाचा नव्हे, की केवळ माणसाचाही नव्हे. आणि पाहणाऱ्याच्या तो ध्यानात येवो वा न येवो, तो असतोच.

डॉनल्ड नॉर्मन याने १९८८ च्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा वस्तुरचनेत आणली, तेव्हा तिचा रोख ‘जे जाणवते’ त्याकडे वळला. पुढे रचनाकार पडद्यावरील चित्रासही अफोर्डन्स म्हणू लागले. म्हणून २०१३ च्या सुधारित आवृत्तीत नॉर्मनने ‘सिग्निफायर’, म्हणजे खूण, ही निराळी संज्ञा पुढे केली. सोस्यूरच्या वाचक-वाच्य विचाराशी परिचित असणाऱ्यास हा शब्द ओळखीचा वाटेल. परंतु नॉर्मनची खूण बरीच सैल आहे. गवतातून तुडवली गेलेली वाट कोणी हेतुपुरस्सर आखलेली नसते, तरी तीही खूणच ठरते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात दाब उतरविणारी एक झडप उघडी असतानाच अडकली. नियंत्रणकक्षातील तिचा दिवा मात्र विझला होता. तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. ती मिटण्याची आज्ञा सुटली, एवढेच सांगत होता. चालकांनी ‘आज्ञा दिली’ हे विधान ‘झडप मिटली’ असे वाचले. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीस थंड राखणारे पाणी बाहेर जात राहिले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. चालकांस दोष देणे सोपे होते. त्यांच्या चुकांचा विचार करण्यास बोलावलेल्या मंडळींत नॉर्मनही होता. त्यांना दोष आढळला तो नियंत्रणकक्षाच्या रचनेत.

गूल्ड व लुइस यांनी १९८५ मध्ये वापरणाऱ्यांचा आरंभापासून अभ्यास, प्रत्यक्ष मापन आणि पुनःपुन्हा सुधारणा ही तीन तत्त्वे सांगितली, त्यांचे महत्त्व येथे ध्यानात येते. मात्र मापनात काय विचारावयाचे, हा प्रश्न उरतोच, आणि तो बराचसा अर्थविचाराचा आहे. ‘दिवा समजला काय?’ या प्रश्नास त्या चालकांनीही निःशंकपणे होकारच दिला असता. ‘दिवा विझला, म्हणजे काय झाले?’ असे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत ऐकावे लागते.