किल्ले तेरेखोल : ठाण्याचें हॉटेल कसें झालें

तेरेखोल नदीच्या मुखाशीं, उत्तर तीरावर असलेल्या किल्ल्यास पोर्तुगीज किल्ला म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तें अर्धेंच खरें होय. किल्ला मूळ वाडीकर सावंतांचा. सतराव्या शतकांत खेम सावंतांनीं खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठीं तो उभारिला. १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं तो घेतला. त्याच वर्षीं हळर्णाचा किल्ला जिंकणाऱ्या व्हाइसरॉयास पुढें ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. १७६४ सालीं त्यांनीं तेरेखोलची पुनर्बांधणी केली. आंत सेंट अँटनीचें चर्च आहे. गोव्याचा बहुतेक मुलूख नदीच्या दक्षिणेस, हा तुकडा मात्र उत्तरेस. म्हणूनच १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रही येथें शिरले व त्यांनीं तिरंगा फडकविला.

१९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावर ठाण्याचें प्रयोजन संपलें. पुढें शिबंदीच्या जागीं पाहुणे आले. किल्ल्याचें उंची हॉटेल झालें, व त्याच्या सात खोल्यांस सात वारांचीं नांवें देण्यांत आलीं.

वापर राहिला म्हणून छपरें व भिंती टिकल्या, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जुन्या पानावर नवें लिहावें तसा प्रत्येक धनी आधीचा थर झांकीत गेला, आणि सर्वांत खालचा थर सावंतांचा आहे. ज्यांच्या संग्रहीं वाडी संस्थानाकडील कागद असतील त्यांनीं १७४६ पूर्वींचे तेरेखोलचे उल्लेख अवश्य टिपून ठेवावे. भिंतींनीं जें झांकलें तें आतां कागदांतूनच उलगडावयाचें आहे.