प्राणायाम म्हणजे ऑक्सिजनची भरती नव्हे

‘प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो,’ हे वाक्य योगवर्गांत हमखास ऐकू येते. लोणावळ्यात गेल्या शतकातच हा समज प्रयोगशाळेत तपासला गेला.

तपासणारे होते स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६). बडोद्यात माणिकरावांकडे त्यांनी व्यायाम शिकला आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग. बडोद्यातच क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा अभ्यास केला. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही त्यांची योगसंस्था स्थापन झाली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. प्राणायामात ऑक्सिजन किती घेतला जातो, याचीही तिथे मोजणी झाली. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या प्रमाणात नाही, शरीरातील दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे कुवलयानंदांचे मत होते.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. निरोगी माणसाच्या बोटावर तो साधारण ९५ ते १०० दाखवतो. रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले असते, त्यात आणखी फारसे मावत नाही. श्वास रोखल्यावर जी घालमेल होते, तीही मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते.

मग लाभ कशाचा? श्वास आपोआप चालतो, तरी तो आपल्याला हाती घेता येतो. हृदयाच्या ठोक्यांना असा थेट हुकूम देता येत नाही. पण श्वास घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि शरीर विसाव्याकडे झुकते. मिनिटाला पंधराएक श्वासांवरून सहाच्या आसपास आलो की हृदयाची लय आणि रक्तदाब यांचा मेळ अधिक चांगला बसतो, असे संशोधनात आढळले आहे. पतंजलींनी प्राणायामाला योगाच्या आठ अंगांत चौथे स्थान दिले, आसनानंतर आणि प्रत्याहाराच्या आधी. मन धारणेसाठी, म्हणजे एकाग्रतेसाठी, योग्य व्हावे, हा त्यांचा हेतू होता.

म्हणून सुरुवात साधी ठेवावी. पाठीचा कणा ताठ, खांदे सैल, श्वास नाकाने. मनात चार आकडे मोजत पूरक (श्वास घेणे), सहा ते आठ मोजत रेचक (श्वास सोडणे). कुंभकाची, म्हणजे श्वास रोखण्याची, घाई नको. पूरक, कुंभक, रेचक यांचे १:४:२ हे परंपरेतले प्रमाण मुरलेल्या साधकांसाठी आहे. चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी जडते, असा इशारा खुद्द ‘हठप्रदीपिका’ या हठयोगाच्या ग्रंथानेच दिला आहे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कुंभक, भस्त्रिका, कपालभाती टाळावे. इतर काहीही करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

हवेत धूर किंवा रसायनांचा दर्प असेल, तर गच्चीवर दीर्घ श्वसन करू नये. एखाद्या दिवशी अभ्यास चुकला तरी चालेल.

किती वेळ श्वास रोखला, याची फुशारकी सोडा. अभ्यासानंतर धाप लागत असेल तर पद्धत चुकते आहे. जाणत्या शिक्षकासमोर बसा आणि आधी श्वास शांतपणे सोडायला शिका.