कुरणशाळा
कुरणशाळा म्हणजे गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवली जाणारी शाळा होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड (आताचा पालघर जिल्हा) येथील आदिवासी भागात हा प्रयोग केला. त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झाले व पुढे कोसबाडला हलवण्यात आले. गुरे राखण्याचे काम असल्याने मुले शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शाळाच त्यांच्याकडे नेण्यात आली. इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांऐवजी खडे, बिया, पाने व शिंपले वापरले जात. वस्तीतील अंगणात भरणारी ‘अंगणवाडी’ही याच विचारातून आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे आज याच नावाने ओळखली जातात.