एनर्जीचा लाडू : काय खरं, काय ऐकीव

सोलापूरची शेंगाचटणी आणि दुकानात देखण्या डब्यातून मिळणारे ‘एनर्जी बाइट्स’ यांच्यातला तिखट-गोडाचा फरक सोडला, तर दोन्हींची मूळ कृती एकच आहे. भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटायचे आणि त्या तेलाच्या ओलाव्यावर बाकीचा ऐवज एकत्र धरायचा. चटणीत लसूण, तिखट, जिरं, मीठ पडतं; लाडवात खजूर किंवा गूळ. भट्टी नको, पाक नको, तारा बघत बसणं नको. ज्या शहरात ही कुटाई घरोघरी चालते, तिथे या लाडवाचं तंत्र नव्यानं शिकवायची गरज नाही. गरज आहे ती त्याच्याभोवती जमलेले समज तपासून बघण्याची. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, पण दोन-तीन खरोखर महागात पडू शकतात.

तुपाचं आधी उरकून घेऊ. ‘तूप घातल्याशिवाय लाडू वळतच नाही’ हे बेसनाच्या किंवा रव्याच्या लाडवाला लागू आहे, शेंगदाण्याला नाही. शेंगदाण्यात वजनाच्या 40 ते 50 टक्के स्निग्ध पदार्थच असतात. दाणा नुसता भरडला तर हे तेल आतल्या आतच राहतं. बारीक कुटला की पेशींची आवरणं फुटतात आणि ते बाहेर येतं. लाडू फुटत असेल तर बहुतेक वेळा दाणे पार गार झाल्यावर वाटलेले असतात किंवा मिक्सर लवकर थांबवलेला असतो. कोमट दाणे थांबत थांबत फिरवावेत, भांड्याच्या कडेला पूड चिकटू लागली की पुरे. वरून तूप घालायचंच तर चवीसाठी घाला, कोणी अडवत नाही. फक्त ते हिशेबात धरा.

आता महागात पडणारा समज. इंग्रजी पाककृतीत ‘नो-बेक’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘काहीच भाजायचं नाही’ असा घेतो. ज्वारीचं पीठ, कणीक किंवा बेसन कच्चंच मळून लाडू वळण्याची पद्धत त्यातून सुरू झाली. कच्चं पीठ हा खाण्याला तयार पदार्थ नाही. धान्य शेतातून खळ्यावर, खळ्यावरून गिरणीत जातं. वाटेत माती, पक्षी, उंदीर या सगळ्यांशी त्याचा संबंध येतो आणि दळल्यानं जंतू मरत नाहीत. कच्च्या गव्हाच्या पिठातून साल्मोनेला आणि ई. कोलायची लागण झाल्याची प्रकरणं अमेरिकेत वारंवार घडली, म्हणून तिथलं अन्न व औषध प्रशासन कच्चं पीठ आणि न भाजलेला बिस्किटाचा गोळा खाऊ नका असं लोकांना बजावत असतं. आपल्याकडची आजी पीठ खमंग वास सुटेपर्यंत परतत असे ते चवीसाठी, पण त्यात हेही काम होऊन जाई.

मग न परतता काय वापरता येईल? जे आधीच भाजलेलं आहे ते. आणि यात सोलापूर जिल्ह्याचा हात कोण धरणार! हरभरा भाजून, सोलून, दुभागून केलेलं डाळं सगळा महाराष्ट्र ‘पंढरपुरी डाळं’ म्हणूनच ओळखतो. त्याची पूड थेट लाडवात जाते. ज्वारीच्या लाह्याही कडक उष्णतेत फुटलेल्या असतात. नागपंचमीच्या सुमारास त्या हमखास मिळतात. लाह्यांना बारीक, कडक दाण्याची ज्वारी लागते. ओट्सच कोणाला हवे असतील तर चपटे ओट्स कारखान्यात वाफवूनच लाटलेले असतात, त्यामुळे त्यांची अडचण कमी.

शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र भाजण्यावर फार भरवसा टाकू नये. ‘थोडे काळपट, बुरसटलेले दाणे आहेत, भाजले की चालतील’ ही काटकसर धोक्याची आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. आधी कारण कळेना, म्हणून त्या रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हटलं गेलं. शोध घेता घेता तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिनं सोडलेल्या विषाला पुढे अफलाटॉक्सिन हे नाव मिळालं. हे विष यकृतावर घाला घालतं आणि दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. मुख्य म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही. घरच्या कढईतल्या भाजण्यानं त्याचं प्रमाण काहीसं घटतं, पण ते जात नाही. बुरशी मेली तरी तिनं केलेलं विष मागे उरतं.

यावरचा उपाय फार जुना आणि फुकटचा आहे : निवडणं. सुरकुतलेले, रंग बदललेले, भोक पडलेले, कडवट लागणारे दाणे काढून टाकायचे. विषाचा बहुतांश भाग अशा मोजक्याच खराब दाण्यांत एकवटलेला असतो, म्हणून सुपात दाणे घेऊन बसणारी बाई खरं तर अन्नसुरक्षेचं काम करत असते. घरात दाण्यांचा कूट तयार विकत आणायची सवय लागली, की नेमकी हीच पायरी आपल्या हातातून जाते. कुटात चांगला दाणा कोणता नि वाईट कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दाणे आणावेत, कोरड्या डब्यात ठेवावेत, पावसाळ्यात थोडेथोडे आणावेत.

आता ‘एनर्जी’कडे. बाइट खाल्ला की तरतरी येते, अंगात बळ भरतं, अशी जाहिरातीची भाषा असते. आहारशास्त्रात ऊर्जा म्हणजे कॅलरी आणि या लाडवात त्या ठासून भरलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. शेंगदाण्याच्या गोळ्याची ताकद किती, हे पाहायचं तर कुपोषणावरच्या उपचाराकडे बघावं. 1996 मध्ये आंद्रे ब्रिआँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं एका उद्योगातल्या सहकाऱ्यासोबत ‘प्लम्पी-नट’ तयार केलं. शेंगदाण्याचा लगदा, दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं, बस. शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी. तीव्र कुपोषित मुलांना घरीच ठेवून वाचवण्याचं तंत्र त्यानं जगभर बदललं. हेच गुणधर्म दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या खणातल्या डब्यात आले, की वजनाच्या काट्यावर दिसतात.

हिशेब अगदी घरगुती मापात करू. निवडून भाजलेले शेंगदाणे 150 ग्रॅम, पंढरपुरी डाळं 60, बिनबियांचा मऊ खजूर 120, भाजलेले तीळ 20, हलके भाजून वाटलेले जवस 10, चुरलेल्या ज्वारीच्या लाह्या 15. एवढ्यात सुपारीहून जरा मोठे असे 18 लाडू होतात. एका लाडवात साधारण 90 कॅलरी, तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि चारेक ग्रॅम साखर येते. 60 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत 200 कॅलरी असतात. म्हणजे जाता-येता तोंडात टाकलेले दोन लाडू एका भाकरीच्या जवळ पोचतात, आणि भाकरी मोजून खाणारा माणूस लाडू मोजत नाही. एकादशीचं तर विचारूच नका. साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचे दोन लाडू खाऊन ‘आज हलकंच खाल्लं’ म्हणणारी मंडळी पंढरीच्या वाटेवरच नाही, सगळीकडे भेटतात. शेतात राबणारा, सकाळी पळायला जाणारा, वाढत्या वयाचा मुलगा यांना हा लाडू उत्तम. इतरांनी तो जेवणाच्या जोडीला नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी खाण्याच्या बदल्यात खावा.

साखरेचा गैरसमज सर्वांत चिवट. ‘यात साखर नाही, फक्त गूळ आहे, खजूर आहे, मध आहे, त्यामुळे मधुमेहाला चालतो.’ सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसाचा रस कारखान्यात गेला की साखर होते नि गुऱ्हाळात गेला की गूळ, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी गुळाचा खडा पुण्याचा मानला जातो. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, 100 ग्रॅममागे कॅलरी 380 च्या आसपास, साखरेत 400. रक्तातली साखर वाढवण्यात दोघं सख्खे भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अन्नात घातलेली साखर आणि मध यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. गूळ त्या हिशेबात धरावाच लागतो.

खजुराची गोष्ट थोडी वेगळी. त्यात 100 ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे गुळापेक्षा तो सरस. पण त्याच 100 ग्रॅममध्ये साठ-पासष्ट ग्रॅम साखरही असते. मधुमेही माणसानं एक लाडू खावा की नाही, हे त्याच्या तपासणीच्या आकड्यांवर आणि डॉक्टरांवर सोपवावं. ‘शुगर फ्री’ म्हणून मात्र कोणी तो त्याच्या हातात ठेवू नये. भारतातल्या नियमानुसार तो दावा करायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही.

गुळाच्या बाजूनं लोहाचा मुद्दा हटकून येतो. गुळात लोह असतं, हे खरं. पण लाडवातून जाणाऱ्या पाच-दहा ग्रॅम गुळात ते फार तर एखादा मिलिग्रॅम, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लागतं. लाडवातलं थोडंफार लोह तीळ आणि डाळ्यातूनही येतं, आणि ते चहासोबत खाल्लं की चहातल्या टॅनिनमुळे शोषण आणखी घटतं. आपल्याकडे चार वाजता लाडू नि चहा यांची जोडी ठरलेली. त्याऐवजी लिंबाचं सरबत किंवा पेरूची फोड घेतली, तर क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त अंगी लागतं.

चिया, बदामाचं बटर, परदेशी मेजूल खजूर नसेल तर लाडू ‘हेल्दी’ होत नाही, असं वाटणाऱ्यांसाठी एकच आकडा पुरे. ज्या ओमेगा-3 साठी चियाचं कौतुक होतं, ते 100 ग्रॅम चियात 18 ग्रॅमच्या जवळपास असतं. जवसात 22 ते 23. जवसाची चटणी खाणाऱ्या मुलखानं चिया शोधत फिरावं, ही गंमतच. अट एवढीच, की जवस वाटून घ्यावा. अख्खा दाणा बऱ्याचदा न पचता जसाच्या तसा बाहेर पडतो. तयार पीनट बटर आणणार असाल तर घटक वाचा. अनेकांत साखर आणि घट्टपणासाठी घातलेलं वनस्पती तेल असतं.

प्रथिनांबद्दल एक बारीकशी दुरुस्ती. शेंगदाणा आणि ज्वारी एकत्र आले की प्रथिनं परिपूर्ण होतात, असं सांगितलं जातं. दोघांतही लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, त्यामुळे ती उणीव एकमेकांकडून भरून निघत नाही. ती भरतो हरभरा. वरच्या मापात डाळं घातलं ते नुसतं बांधायला नाही.

लहान मुलांसाठी दोन गोष्टी पाळायच्याच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नये. मधातल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या लाडवात अख्खे किंवा अर्धे दाणे नकोत, ते घशात अडकतात. कूट बारीकच हवा.

राहता राहिलं टिकणं. ‘शिजवलेलं नाही म्हणजे लवकर नासतं’ आणि ‘फ्रीजमध्ये ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं’ अशी दोन परस्परविरोधी मतं एकाच घरात ऐकू येतात. या लाडवात जंतूंना वाढायला लागणारं पाणी फारच कमी असतं, त्यामुळे तो पटकन नासत नाही. वळताना दुधाचा हबका मारला किंवा ओलं खोबरं, केळं घातलं की मात्र तो दोन दिवसांचा पाहुणा होतो. कोरडा लाडू बिघडतो तो तेलामुळे. शेंगदाणा, तीळ, जवस यांची तेलं हवेशी संयोग पावून खवट होतात, उष्णतेत तर लवकरच. वाटलेल्या जवसाचं तेल सगळ्यांत आधी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ओट्यावरच्या डब्यात आठवड्यापुरतेच लाडू ठेवावेत, बाकीचे फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्या दिवसांत जवस लाडवात न घालता वेगळा भाजून ठेवावा आणि लागेल तसा वाटावा. जुन्या डब्याच्या तळाशी राहिलेला खवट चुरा नव्या घाण्यात मिसळू नये. तेवढ्यानं अख्खा डबा आठवडाभर आधीच वास मारू लागतो.