लेखी आज्ञा व संगणक

मोताळा तालुक्यातील एखाद्या दोनशे पटाच्या शाळेची विद्यार्थी यादी घ्यावी. प्रत्येक आधार क्रमांक बारा अंकी आहे की नाही व जन्मतारखेचा रकाना कोठे रिकामा राहिला आहे काय, हे डोळ्यांनी तपासावयाचे म्हटले तर मुख्याध्यापकांची एक दुपार जाते, आणि तरीही एखादी चूक निसटतेच. तिचा भुर्दंड लिहिणाऱ्यास पडत नाही. शिष्यवृत्तीच्या वेळी तो मुलीस पडतो.

असे एकसुरी काम संगणकाकडून करवून घेण्यासाठी त्याच्या आज्ञा एका साध्या मजकूर-फाइलीत ओळीने लिहून ठेवता येतात. या फाइलीस स्क्रिप्ट म्हणतात. ती वाचून एकेक आज्ञा पार पाडणारा जो भाग, तो स्क्रिप्ट इंजिन. विंडोज ९८ पासून विंडोजमध्ये ही सोय अंगभूत आली. फाइलीच्या नावाच्या शेवटी व्हीबीएस असेल तर व्हीबीस्क्रिप्टचे इंजिन व जेएस असेल तर जेस्क्रिप्टचे इंजिन कामास लागते.

इंजिनास कामाला लावणारे दोन यजमान आहेत: डब्ल्यूस्क्रिप्ट व सीस्क्रिप्ट. फाइलीवर दोनदा टिचकी मारली की सामान्यतः पहिला पुढे येतो, आणि स्क्रिप्टने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तो स्वतंत्र चौकटीत दाखवितो. चाळीस चुका सापडल्या तर चाळीस वेळा ‘ओके’ दाबीत बसावे लागते! सीस्क्रिप्ट मात्र कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत सर्व उत्तरे एकाखाली एक लिहितो. यास्तव ती खिडकी उघडावी, सीडी या आज्ञेने फाइल ठेवलेल्या फोल्डरमध्ये जावे व सीस्क्रिप्ट हा शब्द, एक मोकळी जागा आणि फाइलीचे पूर्ण नाव लिहून एंटर दाबावे. (आज्ञांचे शब्द अर्थातच रोमन अक्षरांत टंकावयाचे.) काम मध्येच थांबवावयाचे झाल्यास कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबाव्यात.

स्क्रिप्टमधील विचार शिक्षकास अपरिचित नाही. यादीची एक ओळ वाचावी, टॅबच्या खुणेपाशी तिचे तुकडे पाडावेत, आधारच्या तुकड्यातील अक्षरे मोजावीत, ती बारा नसतील तर ओळीचा क्रमांक सांगावा, आणि पुढील ओळ घ्यावी. तुकड्यांची मोजणी शून्यापासून होते, एवढे ध्यानी धरावे. चौथा रकाना म्हणजे तुकडा क्रमांक तीन.

मराठी नावांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. एक्सेलमधील यादी साध्या सीएसव्ही प्रकारात साठविली तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि त्या फाइलीतून मूळ नाव पुन्हा मिळत नाही. म्हणून ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडावा, व स्क्रिप्टमध्ये ती फाइल उघडताना ओपनटेक्स्टफाइल या आज्ञेचे चौथे मूल्य उणे एक द्यावे. स्क्रिप्टमध्येच मराठी शब्द असल्यास ती नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-१६ एलई’ म्हणून साठवावी. काळ्या खिडकीत देवनागरी नीट दिसत नाही. तेथे केवळ ओळ क्रमांक मागवावा हे बरे. आणखी एक खोच अशी की, बारा अंकी संख्या एक्सेल संक्षिप्त रूपात दाखविते व निर्यातीत तेच रूप उतरते. तो रकाना अंक भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

स्क्रिप्टला वापरणाऱ्याचेच अधिकार मिळतात. फाइल पुसण्याची आज्ञा असेल तर ती न विचारता पुसते. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने ई-मेलमधून जगभर पसरलेला विषाणू ही व्हीबीस्क्रिप्टचीच फाइल होती. परक्याकडून आलेली स्क्रिप्ट आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. समजली नाही तर चालवू नये. आधार क्रमांकांची यादी नेट कॅफेच्या संगणकावर तर मुळीच नेऊ नये.

व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. जुन्या संगणकांवर ती चालते, परंतु नव्याने शिकणाऱ्यांनी पॉवरशेल घ्यावे. ओळ वाचणे, तुकडे पाडणे व मोजणे हा क्रम तेथेही तोच राहतो.

पहिला प्रयोग मूळ यादीवर करू नये. पाच काल्पनिक नावांची फाइल तयार करावी, तीत एक आधार क्रमांक मुद्दाम अकरा अंकी ठेवावा, आणि स्क्रिप्टने नेमकी तीच ओळ दाखविली तरच खऱ्या यादीची प्रत हाती घ्यावी.