नाचणीसत्त्व की डबा?

नौपाड्यात गोखले रोडला नाचणीसत्त्वही मिळतं आणि बाळाच्या सीरियलचे डबेही. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत द्यायचं अन्न म्हणजे पूरक आहार. तो घरचा असला की परिपूर्णच, हा समज अपुरा आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर. लोह मात्र बेताचं, आणि फायटेटमुळे (लोह धरून ठेवणारा धान्यातला घटक) तेही अंगी कमी लागतं. मोड आणल्याने फायटेट घटतं. सीरियलमध्ये, मिठात आयोडीन घालतात तसं, लोह वरून मिसळतात. पण काहींत साखरही असते, म्हणून लेबल वाचावंच. घरच्या खिमटीत डाळ, अंडं, लिंबाचे चार थेंब घाला. वरणाचं नुसतं पाणी मात्र नको. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट भरवा.